आधी फोटो, मग तोंड

– तसा नाही बंद होणार तो. आधी वर उचल, मग डावीकडे घे, मग हळूच खाली दाब – आणि दाबताना त्याच्याकडे बघायचं नाही, बघितलं की गळतो. हसतोस काय, खरं सांगतोय. वर्षभर संसार केलाय मी या नळाबरोबर. आमची बाई, म्हणजे तुमची ताई, सकाळी विद्यापीठात जायची ती दिवस कलला की उगवायची, आणि दिवसभर इथं मी आणि हा. मी काही बोललो की हा म्हणायचा, टप. घरात माझं ऐकून घेणारा हा एकटाच, आणि आता त्यालाही तुझ्या स्वाधीन करून जायचं.

बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, पलंगावर बस. बॅग आमच्या बॅगांशेजारी नको ठेवूस, सकाळी घाईत सरमिसळ व्हायची – आमच्या जाणाऱ्या, तुझी राहणारी. दाराशी ठेव. ताई नाही घरी. निरोपाचं भाषण आहे तिचं, सगळे फेलो, प्रोफेसर, विद्यार्थी जमलेत. तुला घ्यायला विमानतळावर यायची होती, पण त्यांनी नेमकं आजच ठेवलं. जाताना मला बजावून गेली – बाबा, आपला भोंगा येईल, त्याला घर दाखवा, चहा द्या, आणि जास्त बोलू नका. आता मी कशाला जास्त बोलतोय? माझं काय अडलंय तुझ्यावाचून? चहा मात्र देतो, चहाला माझी ना नाही. तूच बघ कसा गप्प बसलायस. तिकडे आमच्या स्वयंपाकघरात असायचास तेव्हा तुझं तोंड बंद करायला पाव कोंबावा लागायचा. इथं नुसती मान हलवतोस, नंदीबैलासारखी. परदेशाची हवा लागली वाटतं उतरल्या उतरल्या.

घर असं आहे. हीटर आहे, पण त्याच्या मनाला येईल तेव्हा तापतो. खिडकी उघडत नाही, रंगानं चिकटलीय – कुणा गाढवानं चौकट आणि झडप एकाच हातात रंगवली. मी पेंटर माणूस, मला पहिल्या दिवशीच दिसलं. भिंतींना एकच हात दिलाय, तोही पातळ. पलीकडचा शिंकला की इथं कळतं. पलीकडे एक रेडिओवाला राहतो, तोही फेलो, त्याच्या मुलखात त्याचा रेडिओ बंद पाडला. खालच्या मजल्यावर न्यायाधीशीण आहे, तिची खुर्ची काढून घेतली. ही टोपी तिनंच विणून दिली मला, तिला बिचारीला आता दुसरं काम नाही. सगळे असेच. दर वर्षी हे विद्यापीठ जगभरातनं माणसं वेचून आणतं, आपापल्या मुलखात लोकशाहीसाठी हातपाय हलवलेली – पुस्तकातली नव्हेत, रस्त्यावरची. म्हणतात, एक वर्ष या, दम खा, वाचा, लिहा, आमच्या मुलांना चार गोष्टी सांगा. आणि येतात कोण, तर हरलेले. हरलेल्यांना बोलावून विचारतात, जिंकायचं कसं. मी तर म्हणतो, ज्यानं यांचा रेडिओ बंद पाडला त्याला बोलवा एकदा, त्याला जमलेलं दिसतंय.

आणि दम खा म्हणे. पळत्या माणसाला मध्येच दम खायला बसवलं की पाय आखडतात, एवढं साधं कुणी सांगितलं नाही यांना. पहिला महिनाभर आमची बाई झोपेतनं दचकून उठायची, फोन वाजला म्हणून. फोन वाजलेला नसायचा. तिला खोली दिलीय विद्यापीठात, आता ती तुझी. खिडकीबाहेर झाड, टेबलावर दिवा, दारावर नावाची पाटी. ती पाटी मशीननं काढलेली, अक्षरात जीव नाही. पहिल्या दिवशी मला दाखवायला घेऊन गेली, मी म्हटलं, एक डबा रंग आणि ब्रश आणून दे, नीट करून देतो. म्हणाली, बाबा, इथं असं करत नाहीत. वर्षभर हेच ऐकलं, इथं असं करत नाहीत. मग काय करतात? चर्चा करतात. दर आठवड्याला एक चर्चा, गोल बसून, मधे बिस्किटं.

एकदा मलाही नेलं. विभागप्रमुख आहे ना, पांढऱ्या मिशांचा, माणूस वाईट नाही, दार उघडून धरतो म्हाताऱ्यासाठी – त्यानं सगळ्यांसमोर मला विचारलं, लोकशाहीबद्दल तुमचा अनुभव काय. आता माझा काय अनुभव? शाळा सोडली तेव्हा धड वाचता येत नव्हतं मला, पण अक्षराचं वळण असं की मास्तर रस्त्यात थांबून बघायचे. निवडणूक आली की आमची दिवाळखोरी संपायची. एका पक्षाचा माणूस यायचा, भिंत रंगवून घ्यायचा. तो गेला की दुसऱ्याचा माणूस यायचा, मी चुना मारून वर त्याचं चिन्ह काढायचो. पहिला परत आला की पुन्हा चुना. आमच्या गल्लीच्या टोकाची भिंत खरवडून बघ, थरावर थर निघतील, सगळे माझ्या हातचे. हा आत्ता डोक्यावर बसलाय ना, ज्याच्यापायी आपण इथं बिस्किटं खातोय, त्याचंही चिन्ह पहिल्यांदा मीच काढलेलं, आणि झकास काढलेलं. ताई लोकांना सांगते, माझे वडील लोकशाहीचे साक्षीदार. साक्षीदार कसला, रोजंदार. तर मी त्या मिशीवाल्याला म्हटलं, भिंत तीच, हात तोच, रंग तेवढा बदलतो, आणि तुमचा चहा गार आहे. एवढंच बोललो. आमच्या बाईनं त्याचं त्यांच्या भाषेत करून सांगितलं, ते संपेचना. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका बाईनं डोळे टिपले. बाहेर आल्यावर विचारलं, काय गं सांगितलंस? म्हणाली, चहाचं सोडून सगळं सांगितलं.

असं वर्ष काढलं. मी रोज उठून तेच म्हणायचो – घरी चल. इथलं पाणी बेचव, इथली माणसं हळू बोलतात, इथं भांडायला कुणी नाही, घरी चल. ती म्हणायची, बाबा, वर्ष पुरं होऊ दे. झालं पुरं. उद्या सकाळी विमान. मिळालं मला हवं ते. तोंड गोड करायला पाहिजे खरं तर.

साखर किती? बोटानं कशाला दाखवतोस, तोंड नाही का? बरं.

आता तो विषय मी काढणार नव्हतो. पण तू समोर बसलायस, चहाचा कप दोन्ही हातांत धरून, अगदी तसाच, आमच्या स्वयंपाकघरात बसायचास तसा. आठवतंय ना? फरशीवर दाटीवाटीनं बसलेले तुम्ही सगळे, आणि ती ओट्याला टेकून उभी. मतं मोजून झाली की मतदान केंद्रावरच्या साहेबानं आकड्यांचा कागद शाळेच्या फाटकावर चिकटवायचा, कायदाच आहे तसा, आणि आजवर तो कागद वाचलाय कुणी? शेळ्या खायच्या तो. हिच्या डोक्यातनं निघालं – प्रत्येक फाटकाशी आपला एक माणूस, हातात भोंगा, आणि कागद लागला की मोठ्यानं वाचायचा, गल्लीला ऐकू जाईल असा. म्हणजे मागाहून कुणाला आकडा फिरवायचा झाला तर अख्ख्या गल्लीचे कान फिरवावे लागतील. मी हसलो होतो तेव्हा. पण धंदा बसला. दोन निवडणुका त्या साहेबांची पंचाईत केलीत तुम्ही. आणि नियम सगळा मिळून एक. तिनं तो पाढ्यासारखा घोकून घेतला होता सगळ्यांकडून, चहा गाळता गाळता माझाही पाठ झाला – आधी फोटो, मग तोंड. कागद लागला की आधी त्याचा फोटो काढायचा, तो चार ठिकाणी पाठवायचा, आणि मगच भोंगा तोंडाला लावायचा.

आणि तू काय केलंस? आधी तोंड.

मला माहितीय काय झालं ते, सगळं ऐकलंय मी. आकडे बघितलेस, तो डोक्यावर बसलेला पडला होता, तुझ्या फाटकावर सपाटून पडला होता, आणि तुला राहवलं नाही. वाचलंस. आवाज तर तुझा असा की मेलेला उठून बसावा. गल्ली नाचायला लागली. साहेब धावत बाहेर आला, म्हणाला चुकीचा कागद लागला, टराटरा काढला, दुसरा लावला. आणि तुझा फोन खिशात. झालं. तू वाचलेलं ते खोटं ठरलं, आणि खोटा निकाल पसरवला म्हणून खटला तुझ्यावर. गल्लीनं ऐकलं होतं? हो, नाचताना सगळ्यांना कान होते. साक्षीला बोलावल्यावर सगळे बहिरे. आणि ताई इथं, समुद्रापलीकडे, त्या झाडाच्या खिडकीत. त्या दिवशी ती नुसती खोलीभर फिरत होती. मी म्हटलं, जेव. म्हणाली, एवढंच सांगितलं होतं मी त्यांना, बाबा, एवढंच.

दोष देत नाही मी तुला. देतो. देतो, खोटं कशाला बोलू.

आता मान खाली घालून काय उपयोग. पी तो चहा. तू इथं सुखानं राहा, दिवा आहे, झाड आहे. हो, आम्ही जातोय ते वर्ष संपलं म्हणून, आणखी कशाला? काय म्हणतोस – खुणा काय करतोस, माझ्याकडे बोट कशाला? माझ्यामुळे? असं सांगितलं तिनं तुला? बाबांना करमत नाही, बाबा हट्ट धरून बसलेत, म्हणून परत येतेय, जागा रिकामी होतेय तर तू ये. वा. म्हणजे तुलाही तेच सांगितलं. मिशीवाल्यालाही तेच, न्यायाधीशिणीलाही तेच. परवा ती बाई जिन्यात माझा हात धरून काहीतरी समजावत होती, मला वाटलं टोपीचं विचारतेय. अख्ख्या इमारतीत मी म्हणजे लेकीला फरफटत घरी नेणारा म्हातारा. असू दे. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं भिंतीवर काढली, आता माझं नाव वापरलं कुणी तर काय बिघडलं. नियमच आहे म्हणावं, वर्ष संपलं की निघायचं. दुसरं वर्ष देत होते ते गोष्ट वेगळी, पण –

काही नाही. काही नाही म्हटलं ना. कप ठेव, सांडशील. ती कपाटाची किल्ली दाखवायची राहिली, ती इथं वर –

असा बघू नकोस माझ्याकडे.

बरं, देत होते. हातात ठेवत होते तिच्या. पुढच्या वर्षाची जागा, हेच घर, हाच नळ. कामावर खूश होते तिच्या. आणि ती म्हणाली, माझं वर्ष त्याला द्या. तुला. एका मुलखाला जागा एक, इथं राहायचा परवाना त्या जागेला बांधलेला. ती राहिली असती तर तू तिकडे अडकला होतास, तुझा पासपोर्ट जप्त व्हायच्या आत तुला बाहेर काढायचं होतं. मला तिनं ताकास तूर लागू दिली नाही, पण भिंतीला रंगाचा एकच हात आहे, मघाशी सांगितलं ना. वकिलाशी बोलत होती. तिचा एक कान कामातनं गेलाय, तुमच्या त्या भोंग्यांपाशी उभी राहून राहून, त्यामुळे फोन मोठ्या आवाजावर ठेवते, मला दोन्हीकडचं ऐकू येतं. वकील म्हणाला, हा निसटला तर ते बाकीच्या फाटकांवरची माणसं एकेक करून उचलतील. ही म्हणाली, म्हणून मी येतेय. कोर्टात उभी राहून सांगते, संस्था माझी, भोंगा माझा, वाचायला मी सांगितलं होतं, ज्याला धरायचं त्यानं मला धरा आणि पोरांना सोडा. वकील म्हणाला, बाई, कोर्टापर्यंत कशाला, तुम्हाला विमानतळावरच घेतील. तर म्हणते कशी – मग रिक्षाचं भाडं वाचेल. आणि हसली. मी इकडे या पलंगावर, तू बसलायस तिथंच, तोंडावर पांघरूण घेऊन.

आणि मला सांगते, बाबा, तुमच्या मनासारखं झालं, घरी जाऊ. आणि मी म्हणतो, हो. काय म्हणू? मला कळलंय म्हटलं तर तिला माझ्याकडे बघत बॅगा भराव्या लागतील. वर्षभर घरी चल घरी चल म्हणून तिचं डोकं खाल्लं, आणि आता मला हा नळसुद्धा सोडवत नाही. रोज देवाला सांगतो, विमान बंद पड, माझा पाय मोड, काहीतरी कर. काल मी मुद्दाम म्हटलं, इथलं पाणी बरं आहे गं, सवय झाली. माझ्याकडे नुसतं बघितलं तिनं. म्हणाली, बाबा, चादरींच्या घड्या करा.

कुठं निघालास?

बॅग कशाला उचललीस? ठेव. हे बघ – खरंच सांगतो, तुला दार उघडलं तेव्हापासून मी याचीच वाट बघत होतो. चहा टाकताना जुळवत होतो, असं बोलू, तसं बोलू, ह्याला टोचेल, हा बॅग उचलेल, म्हणेल मी जातो परत, ताईला राहू दे. ती जास्त बोलू नका म्हणाली ते काय उगाच? ओळखते ती बापाला. तर उचललीस. जा म्हणायला पाहिजे मी. दार त्या बाजूला. तुझी चूक, तू निस्तर, माझी एकुलती एक पोरगी कशाला –

काय? काय म्हणालास? मोठ्यानं बोल, तिच्यासारखे माझेही कान –

पुन्हा बोल.

हा आवाज तुझा?

सर्दी आहे का? मग? चौकशीला नेलं होतं ते माहितीय, ती म्हणाली होती, दोन-तीन दिवस बसवून ठेवलं आणि सोडलं. बसवून ठेवलं असंच म्हणाली मला. मफलर काढ. काढ म्हणतो ना, घरात हीटर नसला चालू तरी – हं. राहू दे. गुंडाळ परत. नको सांगूस काही, घशाला ताण नको देऊस. मी मेला मघापासून तुला नंदीबैल म्हणतोय.

तिला माहितीय? हो. तिला माहीत असणारच, म्हणून तर.

दे ती बॅग इकडे. दे. सोड हात, म्हातारा असलो तरी शिडी वाहिलीय खांद्यावरनं, तुझ्यापेक्षा जोर आहे माझ्यात. बस खाली. हे बघ, आता मला राग आणू नकोस. तू गेलास म्हणून ती राहणार आहे का? ती तुला ओळखते, मला ओळखते, आणि तिला तूही ओळखतोस आणि मीही ओळखतो. तुम्ही दोघंही जाल, आणि ही जागा मिळेल भलत्याच कुणाला तरी, आणि मी या नळाला कुणाच्या ताब्यात देऊ? एकानं तरी इथं राहायचं. बूट काढ. काढ बूट, बूट काढलेला माणूस लवकर पळत नाही. आणि त्या खोलीत गेलास की दमबीम खात बसू नकोस. घसा बरा कर. गरम पाणी पी. त्या मिशीवाल्याला सांग, डॉक्टर दाखव म्हणावं, चर्चा मागनं. आणि बरा झालास की त्या गोल बसणाऱ्यांसमोर उभा राहून वाच ते आकडे. पहिल्या कागदावरचे. पाठ आहेत ना? असणारच, मला आमच्या भिंतीवरचं पहिलं चिन्ह अजून पाठ आहे. बिस्किटं खाली पडतील अशा आवाजात वाच. आणि कुणीतरी फोटो काढतंय ना, ते आधी बघ, गाढवा.

थांब. खालचं दार वाजलं. तीच. अजून दोन दोन पायऱ्या एकदम चढते, या वयात, गुडघे जातील म्हटलं तर ऐकत नाही.

ऊठ, तोंड धू. मी तुला काही बोललो नाही. तुला काही माहीत नाही, मला काही माहीत नाही, बाबांना करमत नाही म्हणून ताई घरी चाललीय. तिला तेवढं जाऊ दे असंच समजून. नीट हसता येतं का तुला? नाही येत. मग मान हलव, ते बरं होतं. नळ सोड. पाणी वाहू दे जरा, आवाज होईल. आता बंद कर. आधी वर, मग डावीकडे – बघू नकोस त्याच्याकडे.

आलीस? झालं भाषण? काही नाही गं, नळाचं दाखवत होतो त्याला. नाही, जास्त नाही बोललो.